बटू दीर्घिकांतले तेजोमेघ: सोलापुरातून काय मोजता येईल, काय नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या कॉलेजात एम.एस्सी. भौतिकशास्त्राचं दुसरं वर्ष. हाताशी आठ इंची न्यूटोनियन दुर्बीण, थंड करता येणारा मोनोक्रोम कॅमेरा, एच-अल्फा (आयनित हायड्रोजनची लाल वर्णरेषा) आणि लाल असे दोन फिल्टर. वेळ डिसेंबर ते एप्रिल. जवळच्या अनियमित बटू, म्हणजे लहान आणि ठरावीक आकार नसलेल्या, दीर्घिकांमधले आयनित हायड्रोजनचे मेघ टिपायचे, प्रत्येकाचं तेज मोजायचं, कोणत्या तेजाचे किती मेघ याचा आलेख काढायचा आणि शेवटी तिथे तारे किती वेगाने जन्मतात ते सांगायचं, असा बेत. गाइड म्हणतात, बटू दीर्घिकांच्या नादी लागू नका, एम ३३ ही मोठी सर्पिल दीर्घिका घ्या, तिथे मेघ शेकड्याने मिळतील. कोणाचं ऐकू?

तुमचा बेत आहे तसाच ठेवायचा असेल तर गाइडचं ऐका. बटू दीर्घिकाच घ्यायच्या असतील तर बेत बदला. दोन्ही एकदम जमणार नाही. मी पीएच.डी.पासून याच विषयात आहे, पुण्याजवळच्या गिरावली आणि लडाखमधल्या हानलेच्या दुर्बिणींवर या मेघांचे वर्णपट घेतलेत आणि आता शिकवतो. दरवर्षी कोणी ना कोणी हाच बेत घेऊन येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी संख्येचं पाहू. तेजानुसार मेघांची संख्या साधारण घातनियमाने घटत जाते आणि घातांक उणे दोनच्या आसपास असतो. हा घातांक किती अचूक मिळेल ते मेघांच्या संख्येच्या वर्गमुळावर ठरतं. चारशे मेघ असतील तर चूक ०.०५ च्या आसपास. पंधरा असतील तर ०.२६. एवढ्या चुकीत उणे १.७ आणि उणे २.२ हे दोन आकडे वेगळे आहेत असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि या विषयातला सगळा वाद तेवढ्याच पट्ट्यात चालतो. त्यातून बटू दीर्घिकेत एखादाच मेघ सगळ्यांवर कुरघोडी करतो. एनजीसी २३६६ मध्ये एनजीसी २३६३ हा एकच प्रचंड मेघ साऱ्या दीर्घिकेच्या एच-अल्फा प्रकाशाचा मोठा वाटा उचलतो. अशा ठिकाणी सरासरी काढून हाती काय लागणार?

मग बटू दीर्घिकांकडे जायचंच कशाला? कारण तिथे मेघ थोडे असले तरी प्रत्येकाला नीट ओळखता येतं. एम ३३ सारख्या सर्पिल दीर्घिकेत भुजा असतात, धुळीच्या रेषा असतात, केंद्राकडून कडेला जाताना ऑक्सिजन कमी होत जातो, एका मेघामागे दुसरा येतो. अनियमित बटू दीर्घिकेत हा पसारा नाही. धूळ कमी आणि रसायन जवळपास सगळीकडे सारखं. एका मेघापुरता विचार करता येतो: याला उजळवतंय कोण, त्यातला किती प्रकाश बाहेर निसटतो, यात ऑक्सिजन किती. माझ्या मते तुमचं प्रोजेक्ट याच वाटेने जावं. एक दीर्घिका, चार-पाच मेघ, आणि प्रत्येक मेघाचा पूर्ण हिशेब.

यात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. वर्णपट मिळणार का, हा मुख्य प्रश्न. मिळाले तर प्रोजेक्ट खोल जाईल. नाही मिळाले तरी छायाचित्रांवर चांगलं काम होतं, फक्त ऑक्सिजनचा मुद्दा सोडून द्यावा लागतो. दुसरं म्हणजे तुमच्या कॉलेजची गच्ची शहरात आहे की बाहेर. प्रश्नात ते आलेलं नाही, तेव्हा शहरात आहे असं धरून चालतो.

आता अंतराचा हिशेब, कारण निम्मे निर्णय त्यावरच होतात. एनजीसी ६८२२ ही धनु राशीतली बटू दीर्घिका साधारण १६ लाख प्रकाशवर्षांवर आहे. खगोलनिरीक्षक बर्नार्ड यांनी ती १८८४ मध्ये सहा इंची दुर्बिणीतून शोधली, तेव्हा आठ इंचीला कमी लेखू नका. त्या अंतरावर आकाशातला एक विकला (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे पावणेआठ प्रकाशवर्षं. मृग नक्षत्रातला आपल्या ओळखीचा तेजोमेघ सुमारे २४ प्रकाशवर्षं रुंद आहे. तो उचलून तिथे ठेवला तर जेमतेम तीन विकला दिसेल. सोलापूरच्या गच्चीवरून हवेच्या थरथरीमुळे तारासुद्धा तीन विकला पसरलेला दिसतो. म्हणजे मृगासारखा मेघ तुमच्या फोटोत ताऱ्यासारखा ठिपका म्हणूनच येणार. त्याच दीर्घिकेतला हबल पाच हा मेघ मात्र सुमारे २०० प्रकाशवर्षांचा, म्हणजे २५ विकलांच्या वर. तो सुटा दिसतो. हबल यांनी १९२५ च्या लेखात या दीर्घिकेतल्या मेघांना रोमन आकडे दिले, त्यामुळे जुन्या-नव्या सगळ्या लेखांत हबल पाच आणि हबल दहा याच नावांनी शोधा.

अंतर वाढलं की गणित भराभर बिघडतं. एनजीसी ४२१४ साधारण ९५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिथे एक विकला म्हणजे ४६ प्रकाशवर्षं, आणि तुमच्या तीन विकलांच्या ठिपक्यात १४० प्रकाशवर्षं मावतात. शेजारशेजारचे तीन-चार मेघ एकात एक मिसळून एक मोठा मेघ झाल्यासारखे दिसतील. लांबच्या दीर्घिकेत मेघ मोठे आणि तेजस्वी असतात, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो त्या दीर्घिकेचा गुण नसून या मिसळण्याचा परिणाम आहे का, हे मी आधी विचारतो. बहुतेक वेळा असतोच.

म्हणून मी कामाचे दोन भाग करायला सांगेन. एकेका मेघाचं काम मोठ्या दुर्बिणींच्या खुल्या डेटावर करा. संपूर्ण दीर्घिकेच्या एकूण एच-अल्फाचं काम सोलापुरातून, स्वतःच्या हाताने.

खुल्या डेटात तुमच्यासाठी सर्वात उपयोगी म्हणजे लोकल ग्रुप गॅलेक्सीज सर्व्हे. फिलिप मॅसी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या किट पीक आणि चिलीतल्या सेरो टोलोलो इथल्या चार मीटरच्या दुर्बिणींनी तो केला. एनजीसी ६८२२, आयसी १०, डब्ल्यूएलएम, सेक्स्टन्स ए आणि बी या दीर्घिका त्यात आहेत. नेहमीच्या रंगांच्या फिल्टरबरोबर एच-अल्फा, आयनित ऑक्सिजन आणि आयनित गंधक यांच्या अरुंद फिल्टरमधली छायाचित्रंही आहेत, आणि निळ्या तप्त ताऱ्यांच्या याद्याही. म्हणजे मेघ आणि त्याला उजळवणारे तारे एकाच ठिकाणी. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला याहून अधिक काय हवं? हबल दुर्बिणीची छायाचित्रंही खुली आहेत, पण तिचं दृश्यक्षेत्र लहान. अख्खी दीर्घिका त्यात बसत नाही.

सोलापुरातून काय घ्यायचं ते ऋतूवर ठरतं. एनजीसी ६८२२ मध्यरात्री सर्वात उंच येते जुलैत, म्हणजे नेमकी पावसाळ्यात. आपला भाग पर्जन्यछायेचा, पाऊस कमी, पण ढग काही कमी नसतात; पाऊस पडत नाही आणि आकाशही दिसत नाही असा तो काळ. तुमच्या महिन्यांत ती फक्त एप्रिलमध्ये पहाटे मिळेल. आयसी १६१३ डिसेंबरच्या संध्याकाळी ७४ अंशांपर्यंत वर येते, पण फार फिकट आहे. आठ इंचीवर तुमची निराशा होईल. फेब्रुवारी ते एप्रिल मात्र एनजीसी ४२१४ आणि एनजीसी ४४४९ या दोन्ही रात्री चांगल्या उंचीवर असतात, सप्तर्षीच्या शेपटीच्या दक्षिणेला. दोन्ही लहान, घट्ट आणि तेजस्वी, शहरातूनही निघतात. यातली एक घ्या. मॅगेलनचे मेघ (नाव मेघ असलं तरी या शेजारच्या दीर्घिका) घ्यावेत असं कोणी सुचवलं तर हात जोडा: मोठा मेघ आपल्याकडे क्षितिजापासून तीन-साडेतीन अंशांवर चढत नाही आणि लहान मेघ तर उगवतच नाही म्हटलं तरी चालेल.

जागेबद्दल एवढंच. एच-अल्फाचा सात नॅनोमीटरचा फिल्टर शहरातल्या दिव्यांचा बराच उजेड अडवतो, त्यामुळे गच्चीवरून काम होतं. लाल फिल्टरला ते संरक्षण नसतं, म्हणून निदान तेवढ्यासाठी बाहेर पडा. नान्नजकडच्या माळरानावर आकाश चांगलं आहे, पण तो माळढोक अभयारण्याचा परिसर. रात्री जायचं तर वनखात्याची परवानगी लागेल. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, आणि गाळप हंगाम नेमका तुमच्याच महिन्यांत. धुराचा थर कोणत्या दिशेला वाहतोय ते संध्याकाळीच बघून ठेवा. डोळ्याला आकाश निरभ्र वाटतं आणि एका तासात त्याच ताऱ्याचं तेज दहा टक्क्यांनी हललेलं असतं. प्रमाणित तारा, म्हणजे ज्याचं तेज आधीच नेमकं माहीत आहे असा तारा, रात्रीत एकदाच न टिपता मधूनमधून टिपत राहायचा तो यासाठीच.

छायाचित्रांवरची खरी मेहनत वजाबाकीत आहे. एच-अल्फाच्या फिल्टरमधून मेघाचा प्रकाश येतो तसा ताऱ्यांचाही येतो. लाल फिल्टरचं चित्र योग्य पटीने कमी करून त्यातून वजा केलं की तारे जातात आणि मेघ उरतो. ती पट आपल्या आकाशगंगेतल्या, म्हणजे चित्रात मध्ये आलेल्या जवळच्या ताऱ्यांवरून काढतात: वजाबाकीनंतर ते तारे शून्य व्हायला हवेत. एकदोन ताऱ्यांवर भिस्त ठेवू नका. फार लालभडक तारे वगळा, त्यांचा वर्णपट या भागात सपाट नसतो. शिवाय लाल फिल्टरमध्ये मेघाची एच-अल्फा रेषाही असतेच, त्यामुळे मेघाचा थोडा प्रकाशही वजा होतो. सात नॅनोमीटरचा फिल्टर आणि दीडशे नॅनोमीटरचा लाल फिल्टर असेल तर ही तूट पाचेक टक्के. ती परत मिळवायला विसरू नका.

त्याच फिल्टरमधून ६५४८ आणि ६५८४ अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) नायट्रोजनच्या रेषाही आत येतात. सर्पिल दीर्घिकेच्या आतल्या भागात ही भेसळ मोठी असते. बटू दीर्घिकेत नायट्रोजन इतका कमी की ६५८४ ची रेषा एच-अल्फाच्या काही टक्केच भरते. वर्णपट नसतानाही बटू दीर्घिकेचा एच-अल्फा बराच विश्वासार्ह असतो तो यामुळे. गाइडना सांगायला हा चांगला मुद्दा आहे.

पुढचा प्रश्न सगळ्यात अवघड आणि सगळ्यात दुर्लक्षित: मेघ संपतो कुठे? या दीर्घिकांमध्ये मेघांच्या मधल्या जागेतही पातळ आयनित वायू पसरलेला असतो. आपल्या गड्डा यात्रेची गर्दी मोजायला निघालात तर होम मैदानावरची माणसं यात्रेतली हे ठीक, पण बाहेरच्या रस्त्यावरची कुठपर्यंत यात्रेतली आणि कुठून पुढे नुसती वाटसरू, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. मेघाचंही तसंच आहे. सीमा ढिली धरली की तेज वाढतं, घट्ट धरली की कमी होतं, आणि निसर्गात कुठेही रेघ मारलेली नसते. मी असं करतो: मेघाच्या मध्यापासून वाढत्या त्रिज्येची वर्तुळं घेऊन आतलं एकूण तेज काढत जायचं आणि आलेख मांडायचा. सुटा मेघ असेल तर आलेख एका ठिकाणी सपाट होतो, तिथे थांबायचं. सपाट होत नसेल तर तो मेघ सुटा नाही हे मान्य करून दोन सीमांचे दोन आकडे द्यायचे. एकच आकडा देऊन त्यापुढे तीन दशांश स्थळं लिहिलेली पाहिली की मी तो प्रबंध पुढे वाचताना सावध होतो.

तेज मिळालं की त्यावरून तारे. तत्त्व सोपं आहे. तप्त ताऱ्याकडून १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचा फोटॉन निघतो, हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सोडवतो, तो इलेक्ट्रॉन परत पकडला जातो आणि पायऱ्या उतरताना ठरावीक प्रमाणात एच-अल्फा देतो. म्हणून एच-अल्फा मोजला की ताऱ्यांनी किती फोटॉन ओतले ते कळतं. उदाहरणाने बघा. एनजीसी ६८२२ मधल्या एखाद्या मेघाचा आपल्यापर्यंत पोचणारा एच-अल्फा प्रकाश, धुळीची दुरुस्ती करून, चौरस सेंटिमीटरला सेकंदाला १० चा उणे १२ वा घात अर्ग (अर्ग हे ऊर्जेचं एकक) इतका आहे असं समजा. अंतर घालून मेघाचं तेज येतं सेकंदाला सुमारे २.९ गुणिले १० चा ३७ वा घात अर्ग. त्याला लागणारे फोटॉन सेकंदाला सुमारे २ गुणिले १० चा ४९ वा घात. मृगातल्या तेजोमेघाला उजळवणारा मुख्य तारा साधारण १० चा ४९ वा घात इतके फोटॉन देतो. म्हणजे तसे दोन तारे पुरे. आता सर्व्हेच्या यादीत त्या मेघाच्या आत जाऊन बघा: तेवढे तप्त तारे आहेत का? कमी दिसले तर ते धुळीमागे दडलेत किंवा शेजारून प्रकाश येतोय. जास्त दिसले तर मेघातून फोटॉन बाहेर निसटतायत, आणि मधल्या जागेतला तो पातळ वायू त्यांनीच उजळलाय अशी शक्यता उभी राहते. हा हिशेब चार-पाच मेघांसाठी मांडलात तर माझ्या लेखी तेच पूर्ण प्रोजेक्ट आहे.

आता तारे जन्मण्याच्या दराकडे या. खगोलशास्त्रज्ञ केनिकट यांनी १९९८ मध्ये दिलेलं सूत्र सगळे वापरतात: एच-अल्फाचं तेज अर्गमध्ये घ्या, ७.९ गुणिले १० चा उणे ४२ वा घात याने गुणा, वर्षाला किती सूर्याएवढं वस्तुमान ताऱ्यांत बदलतं ते मिळतं. सूत्र चुकीचं नाही, पण ते मोठ्या दीर्घिकांसाठी आहे, जिथे सगळ्या वस्तुमानांचे तारे भरपूर असतात आणि दर फारसा बदलत नाही. समजा तुमच्या बटू दीर्घिकेचा दर आला वर्षाला सूर्याचा दहा हजारावा हिस्सा. उलटं गणित करा. एवढ्या दराचे फोटॉन भरतात सेकंदाला ९ गुणिले १० चा ४८ वा घात, म्हणजे मृगातल्या त्या एका ताऱ्याएवढे. अख्ख्या दीर्घिकेचा जन्मदर एका ताऱ्यावर उभा! तो तारा अजून जन्मलाच नसता, किंवा काही लाख वर्षांपूर्वी संपला असता, तर तुम्ही दर शून्य लिहिला असता. एच-अल्फा गेल्या एक कोटी वर्षांच्या आतल्या तप्त ताऱ्यांचीच खबर देतो. अतिनील प्रकाश दहा कोटी वर्षांपर्यंत मागे जातो, म्हणून फिकट बटू दीर्घिकांत दोन्हींचे आकडे जुळत नाहीत. एनजीसी ४२१४ आणि ४४४९ त्या मानाने दणकट आहेत, तिथे हे सूत्र चालून जातं. अतिनीलसाठी आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीची खुली निरीक्षणं शोधून बघा.

वर्णपट मिळणार असतील तर पुढचं वाचा. गिरावलीची आयुकाची दोन मीटरची दुर्बीण आणि हानलेची हिमालयन चंद्र दुर्बीण, दोन्हींवर वेळ मागायचा तर प्रस्ताव द्यावा लागतो. तो गाइडच्या नावे जाऊ द्या, आणि कोणतं उपकरण चालू आहे याची चौकशी आधी करा. तुमच्या कॅलेंडरमध्ये हे बसणं कठीण आहे, पण युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या अर्काइव्हमध्ये तयार वर्णपट असतात, आणि छापील लेखांतल्या रेषांच्या तक्त्यांवरूनही पुन्हा गणित करता येतं. त्यात काही कमीपणा नाही.

वर्णपटात पहिलं काम धुळीचं. हायड्रोजनच्या एच-अल्फा आणि एच-बीटा या रेषांचं गुणोत्तर धूळ नसेल तर २.८६ असतं, असं पुस्तकात शिकवतात. ते १०,००० केल्व्हिनला. बटू दीर्घिकेतला वायू बहुधा जास्त तापलेला असतो. १५,००० ला ते २.८ च्या जवळ येतं आणि २०,००० ला २.७५. तेव्हा २.७९ मिळालं म्हणून उणे धूळ निघाली असा घोळ घालू नका. २.७५ च्याही खाली गेलं तर धुळीचा विचार सोडा आणि एच-अल्फाचे पिक्सेल भरून वाहिलेत का ते तपासा.

मग ऑक्सिजन, आणि इथे बटू दीर्घिका सर्पिलांवर मात करतात. ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉमची हिरवट रेषा सगळ्यांना माहीत आहे. तिच्याच आयनाची ४३६३ ची एक क्षीण रेषा वरच्या ऊर्जापातळीवरून निघते. त्या पातळीपर्यंत इलेक्ट्रॉनला ढकलायला वायू चांगला तापलेला लागतो, म्हणून या दोन रेषांचं गुणोत्तर म्हणजे मेघाचा थर्मामीटर. तापमान हाती आलं की ऑक्सिजनचं प्रमाण सरळ निघतं, कुठल्या ठोकताळ्याची गरज पडत नाही. ऑक्सिजन भरपूर असलेल्या मेघात तो ऑक्सिजनच वायूला थंड करतो आणि ४३६३ दिसेनाशी होते. बटू दीर्घिकांत ऑक्सिजन कमी, वायू तप्त, म्हणून ती दिसते. ऑक्सिजनचं प्रमाण १२ अधिक लॉग ओ/एच असं लिहितात (ओ/एच म्हणजे हायड्रोजनच्या तुलनेत ऑक्सिजनचे अणू). सूर्यासाठी हा आकडा ८.६९ आहे. एनजीसी ६८२२ ला तो ८.१ च्या जवळपास, म्हणजे सूर्याच्या पाव हिस्सा. सेक्स्टन्स ए ला ७.५ च्या आसपास, पंधरावा हिस्सा. ४३६३ नसली तर ३७२७, ४९५९ आणि ५००७ या तेजस्वी रेषांची बेरीज करून ठोकताळ्याने प्रमाण काढतात, पण त्या वक्राला दोन फांद्या आहेत, एकाच बेरजेला दोन उत्तरं. एनजीसी ६८२२, ४२१४, ४४४९ या तिन्ही नेमक्या त्या वळणाजवळ येतात. तिथे ठोकताळा सांभाळून वापरा.

४३६३ मोजताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. शहराच्या उजेडात पाऱ्याच्या दिव्यांची आणि ट्यूबलाइटची ४३५८.३ अँगस्ट्रॉमची रेषा असते, आपल्या रेषेपासून पाच अँगस्ट्रॉमवर. आता दीर्घिकेचा वेग धरा. सेक्स्टन्स ए आपल्यापासून सेकंदाला ३२४ किलोमीटरने दूर जाते, तिची रेषा ४३६७.९ ला सरकते, पाऱ्यापासून आणखी लांब, छान. आयसी १० उलट सेकंदाला ३४८ किलोमीटरने जवळ येते. तिची ४३६३.२ ची रेषा येऊन बसते ४३५८.१ ला, थेट पाऱ्याच्या रेषेवर! पृथ्वीच्या स्वतःच्या गतीने हा आकडा तारखेनुसार थोडा मागेपुढे होतो, पण सुटका होत नाही. आकाशाचा उजेड वजा करताना जरा कमीजास्त झालं की तापमानात शेकडो केल्व्हिनचा फरक पडतो, आणि संगणक काहीच तक्रार न करता उत्तर देतो. आयसी १० तशीही आकाशगंगेच्या पट्ट्यापासून तीन-साडेतीन अंशांवर, मधली धूळ बेसुमार. पहिल्याच प्रोजेक्टला ती घेऊ नका.

वर्णपटाची फट आकाशात कोणत्या दिशेने ठेवली होती तेही नोंदीत बघा. दीर्घिका कलती असताना वातावरण निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वाकवतं. फट त्या दिशेला आडवी असेल तर ३७२७ ची रेषा फटीबाहेर सांडते आणि ऑक्सिजन उगाच कमी निघतो. एच-गॅमा आणि एच-बीटा यांचं गुणोत्तर धुळीची दुरुस्ती केल्यावरही ०.४७ च्या जवळ येत नसेल तर माझा पहिला संशय यावरच असतो.

रेडिओचा मुद्दा तुम्ही काढलेला नाही, पण नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण असताना तो टाळणं बरं नव्हे. फिकट अनियमित दीर्घिकांचा फिग्ज हा सर्व्हे त्याच दुर्बिणीवर झाला. त्यातून अनायनित हायड्रोजनचे नकाशे मिळतात, आणि लिटल थिंग्ज या सर्व्हेचे तसेच नकाशे खुले आहेत. तुमच्या मेघांच्या जागा त्यावर टाका. मेघ हायड्रोजनच्या दाट कडेवर आहेत की पोकळीत, एवढं एक चित्र प्रबंधात घातलंत तरी प्रकरण उभं राहतं. त्यापुढे मात्र जाऊ नका, वेळ पुरणार नाही.

कामाचा क्रम मी असा लावेन: डिसेंबर-जानेवारीत एनजीसी ६८२२ चा खुला डेटा, वजाबाकी, सीमा आणि ताऱ्यांचा हिशेब. फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्चीवरून एनजीसी ४२१४ किंवा ४४४९ चा एकूण एच-अल्फा, आणि तो छापील आकड्याशी ताडून बघणं. एप्रिल लिहिण्यासाठी. वर्णपट हाती आले तर ऑक्सिजनचं प्रकरण, नाहीतर तक्त्यांवरून. सॉफ्टवेअरमध्ये डीएस९, पायथॉनमधलं ॲस्ट्रोपाय आणि रेषांच्या गणितासाठी पायनेब पुरेसं आहे. आयराफ हे जुनं सॉफ्टवेअर शिकण्यात महिना घालवू नका.

गाइडशी बोलताना बटू की एम ३३ असा वाद घालू नका. हबल पाचचं एच-अल्फाचं चित्र उतरवून घ्या, वाढत्या वर्तुळांचा तो आलेख काढा आणि छापून त्यांच्यासमोर ठेवा. आलेख कुठे सपाट होतो, होतो की नाही, हे इथेही टाका. वजाबाकीची पट कोणत्या ताऱ्यांवरून काढलीत तेही लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.